न गाळलेलं पाणी

साचलेल्या पाण्याचा वास ज्याला त्याला नकोसा वाटतो. नालीजवळून जाताना बायका पदर नाकाशी नेतात, पुरुष पावलं झपाझप उचलतात आणि नगरपालिकेला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवून सगळेच पुढे जातात. मी मात्र थबकते. हिवाळ्यातल्या सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, काळसर पाण्यावरून तो आंबूस, ओलसर, शेवाळाचा, राखेचा आणि साबणाचा मिसळलेला गंध वर येतो आणि माझं मन एकदम भरून येतं. हसू नका! मोगरा, पारिजात, ओली माती यांच्यावर लिहिणारे पुष्कळ झाले. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवताना मीही मुलांकडून त्यांच्यावर निबंध लिहून घेतले. पण एखाद्या धीट मुलानं उलट मलाच विचारलं असतं की बाई, तुमचा सर्वांत आवडता सुगंध कोणता, तर खरं उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नसती. आता वय झालं. आता कुणाची भीड बाळगायची?

परवा वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. जंतूंवरची औषधं म्हणे आता चालेनाशी झाली आहेत. जंतू शहाणे झाले, औषधांना ओळखू लागले, ती पचवूही लागले. म्हणून शास्त्रज्ञ आता जंतूंनाच खाणाऱ्या त्यांच्या वैऱ्यांच्या शोधात नद्या, नाल्या, सांडपाण्याचे ओहोळ धुंडाळत फिरताहेत. या सूक्ष्म भक्षकांना शास्त्रात लांबलचक नाव आहे. आमचे डॉक्टर देवतळे त्याला नुसतं ‘फाज’ म्हणायचे. बातमीच्या मथळ्यात ‘नवी आशा’ असे शब्द होते. नवी! मी चष्मा काढून ठेवला आणि कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. ही नवी आशा माझ्या बाबांनी एका बाटलीत भरून, उपरण्यात गुंडाळून, वडनेरहून वर्ध्याला आणली होती. त्याला आता एक जन्म लोटला.

वडनेर आमचं गाव. हिंगणघाट तालुक्यातलं, काळ्या मातीचं आणि त्या काळात तरी चारी बाजूंनी कापसानं वेढलेलं. दिवाळी सरली, सकाळचं दव वाळलं की आमच्या बायका कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींत शिरायच्या. त्यांच्या हातांचा वेग बघत राहावा असा असायचा. माय तर दोन्ही हातांनी वेचायची. डावा हात बोंड धरायचा, उजवा त्यातला कापूस अलगद उपसून ओटीत टाकायचा आणि तोवर डावा पुढच्या बोंडावर पोचलेलासुद्धा असायचा. तिच्याइतका स्वच्छ, काडीकचरा नसलेला कापूस वेचणारी बाई पंचक्रोशीत नव्हती, असं बाबा म्हणायचे. बाबांना मायचं कौतुक तिच्या तोंडावर करता येत नसे, म्हणून ते तिच्या कापसाचं करायचे.

ते वर्ष आमच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं वर्ष होतं. दसऱ्याला आमचा सगळा मोहल्ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. पांढऱ्या कपड्यांतली ती अपार गर्दी, ती शिस्त, ते हजारो कंठांतून एकदम निघालेले शब्द आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. परतल्यावर मोहल्ल्यातली कर्ती माणसं एकत्र बसली आणि ठरलं, की गावाचं मेलेलं ढोर यापुढे ओढायचं नाही. गावाची कुठलीही घाण आपल्या हातावरून, खांद्यावरून, डोक्यावरून जाणार नाही. असा शब्द द्यायला सगळ्यांत आधी उभे राहिले ते माझे बाबा. पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली माणसं ताठ उभी राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी त्या संध्याकाळी अगदी जवळून पाहिलं.

मग मोहल्ल्याला स्वच्छतेचं वेडच लागलं. अंगणं शेणानं लख्ख सारवलेली, भांडी अशी घासलेली की त्यांत तोंड बघून घ्यावं. बाबांची तऱ्हा तर निराळीच. ते पाणी दुपदरी धोतरातून गाळायचे, त्यात तुरटी फिरवायचे, गाळ बसला की वरचं पाणी निवळून घेऊन उकळायचे आणि तेव्हा कुठे आम्हाला प्यायला द्यायचे. मायनं एकदा भाबडेपणानं विचारलं, की गाळून उकळायचं की उकळून गाळायचं; तर त्या दिवसापासून बाबांनी दोन्ही वेळा गाळायला सुरुवात केली! आम्ही हसायचो, पण चोरून. ज्या माणसाला गावानं जन्मभर अस्वच्छ म्हटलं, त्याच्या या वेडाला उघड हसायचं धाडस घरात कुणाचंच नव्हतं.

गावाला हे सगळं रुचणार थोडंच? मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं संपली होती, मालगुजार संपले नव्हते. त्या हंगामात त्यांच्या घरून आमच्या बायकांना वेचणीचं बोलावणं आलं नाही. बाकीच्या मोठ्या घरांनीही त्यांचंच पाहून आम्हाला वगळलं. म्हणून माय पहाटे उठून दुसऱ्या गावच्या शेतांत वेचायला जाऊ लागली. तिथं एक दिवस वाळलेल्या बोंडाचं टोक तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी रुतलं. वेचणीत असं टोचणं रोजचंच, त्याची कोण दखल घेतो? तिनं बोट तोंडात धरलं आणि पुढचं बोंड हाती घेतलं. पौषात तो हात मनगटापर्यंत सुजून भोपळ्यासारखा झाला, हळदीचे लेप वाळून गळून पडले आणि तापात माय असंबद्ध बोलू लागली. बाबांनी तिला मोटारीनं हिंगणघाटला आणि तिथून आगगाडीनं वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. तिच्याजवळ राहायला मी आले.

पेनिसिलिन हे त्या काळातलं अमृत होतं. त्याचं नाव घेताना नर्सबाईंच्या आवाजातसुद्धा आदर यायचा. मायला ते टोचू लागले तेव्हा आम्ही निर्धास्त झालो, आता काय, दोन-चार दिवसांत घरी! पण ते दोन-चार दिवस गेले, त्यानंतरचेही गेले, सूज हलेना. सर्जननी हात चिरून पू काढला, तो पुन्हा भरला. मग डॉक्टर देवतळ्यांच्या तपासणीच्या खोलीतून उत्तर आलं, की या बाईच्या हातातला जंतू पेनिसिलिनला भीकच घालत नाही. दुसरी महागडी औषधं आणून पाहिली, त्यांनाही तो जुमानेना. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, की विष वर चढण्याआधी मनगटापासून हात काढावा लागेल. थोडे दिवस वाट पाहू, फार नाही. उजवा हात! जिचं सगळं आयुष्य तिच्या हातांत होतं, तिचा हात! मी दवाखान्याच्या व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिले आणि रडले. रडणं ऐकून तपासणीच्या खोलीतून डॉक्टर देवतळे बाहेर आले.

निवृत्तीला टेकलेले, बुटके, तपकिरीच्या चिमटीशिवाय वाक्य पुरं न करणारे असे ते गृहस्थ होते. तरुणपणी सरकारी नोकरीत ते हैज्याच्या, म्हणजे पटकीच्या, मागावर गावोगाव हिंडले होते. त्या वेळी फाजच्या काचेच्या कुप्या मिळत, त्या फोडून ते लोकांना पाजत. पुढे पेनिसिलिन आलं आणि फाज अडगळीत पडलं. त्याचं नाव काढलं की दवाखान्यातले तरुण डॉक्टर एकमेकांकडे बघून हसत. देवतळ्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांनी मला खोलीत बसवलं आणि शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून सांगितलं, की प्रत्येक जंतूला त्याचा एक वैरी असतो. तो जंतूच्या पोटात शिरतो, तिथंच वाढतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर येतो. माणसाला तो काही करत नाही. मात्र मोठा नखरेल असतो. ज्या जातीचा जंतू त्याला लागतो तोच लागतो, दुसऱ्याकडे तो ढुंकून पाहत नाही. म्हणजे मायच्या हातातल्या जंतूलाच खाणारा फाज हुडकायला हवा. आणि तो राहतो कुठे? तर जिथं जंतू गर्दी करून राहतात तिथं, घाणीत.

सृष्टीची ही कुठली रीत म्हणायची! जिथं व्याधी उगवते तिथंच तिचा उतारा निमूट पडून असतो आणि आपण मात्र तो दूरच्या डोंगरांत, महागड्या कुप्यांत शोधत बसतो. माणसांचंही असंच होत असावं का? मला त्या दिवशी असले विचार सुचले नव्हते, हे कबूल करते. मला फक्त मायचा हात दिसत होता.

डॉक्टरांची पद्धत साधी होती. काचेच्या चपट्या वाटीत खळीसारखा एक घट्ट थर असे, त्यावर ते मायच्या हातातले जंतू पसरत. उबेत ठेवलं की दुसऱ्या दिवशी तिथं दुधासारखी साय धरे. जंतूंसोबत ते कुठल्या तरी घाण पाण्याचे थेंबही सोडत. ते पाणी आधी चिनी मातीच्या इतक्या बारीक गाळणीतून काढलेलं असे की जंतू अडकून पडावेत आणि फाज तेवढा पार व्हावा. पाण्यात योग्य तो फाज असला तर सायीत स्वच्छ, आरपार दिसणारी भोकं पडणार. त्यांनी दवाखान्याच्या नालीचं पाणी तपासलं, बाजारातल्या गटाराचं तपासलं, धोब्यांच्या घाटाखालचं तपासलं. रोज सकाळी मी खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची आणि रोज ती साय अखंड असायची. देवतळे तपकीर ओढून म्हणायचे, की वर्ध्याची घाण आपल्या कामाची दिसत नाही.

मग त्यांना वाटलं, की जंतू बाईंच्या गावचा आहे, तर वैरीही तिथंच असेल. बाईंनी जिथं हात धुतले, कपडे धुतले त्या पाण्यात बघावं. बाबा मायला भेटायला आले तेव्हा त्यांनी बाबांना बोलावून घेतलं आणि स्वभावाप्रमाणे थट्टेच्या सुरात सांगितलं, की गोमाजी, तुमच्या मोहल्ल्यातलं सगळ्यांत घाण पाणी मला आणून द्या. बाबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा किंचित आक्रसला, तो मी पाहिला. डॉक्टरांनी पाहिला नसावा.

बाबांनी पाणी आणलं, तेही लगेच. राखेनं घासून झळाळवलेली बाटली, तिला नवं बूच आणि आत पाणी कसं, तर झऱ्याचं म्हणून खपावं असं. डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली आणि त्यांच्या भिवया वर गेल्या. तरी त्यांनी तपासलं. साय अखंडच राहिली. तेव्हा त्यांनी मायच्या खाटेजवळ येऊन बाबांना विचारलं, की हे पाणी कुठलं? बाबांनी प्रामाणिकपणानं सांगितलं, की तुम्ही म्हणालात तिथलंच, घरामागच्या नालीचं. फक्त दुपदरी धोतरातून गाळलं, तुरटी फिरवली आणि चांगलं खळखळा उकळलं. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांच्या हातात गढूळ पाणी कसं द्यायचं? देवतळे मोठ्यानं हसले. म्हणाले, की अहो, त्यात होतं नव्हतं ते सगळं तुम्ही मारून टाकलंत, मला ती घाणच हवी होती, जशीच्या तशी! शेजारच्या खाटांवरची माणसंही हसली. बाबा हसले नाहीत.

“साहेब,” ते म्हणाले, “घाण वाह्यनं आमी सोडलं हाय. सारा मोहल्ला बसला होता तवा मी उभा राहून शब्द देल्ला. आता थेच घाण शिशीत भरून मी भर रस्त्यानं आनू?”

डॉक्टरांचं हसू विरलं. चिमटीतली तपकीर तशीच राहिली. आपण काय मागितलं आणि समोरच्या माणसाला ते काय ऐकू गेलं, हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, की हवं तर मी स्वतः येतो आणि भरून नेतो. बाबांना तेही मानवेना. एवढा शिकला-सवरलेला वयस्क माणूस आपल्या दारी येऊन नालीत वाकणार, म्हणजे आणखीच लाज. मी म्हटलं, मी जाते. त्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच बसले. बाबांचा राग मी समजू शकत होते आणि तरीही त्या घटकेला मला त्यांचा भयंकर राग आला होता. शब्द मोठा की हात? एकीकडे साऱ्या जातीनं प्रथमच उंचावलेली मान, दुसरीकडे एका बाईचा पाच बोटांचा संसार! माझ्या त्या वयाला हा हिशेब सोपा वाटला होता. आता तो तसा वाटत नाही.

माय डोळे मिटून पडली होती. ती झोपली आहे असं आम्हाला वाटलं होतं. तिनं डोळे न उघडताच म्हटलं, “ढोरं ओढनं गावासाठी होतं. हे माह्यासाठी हाय. गावाचं ओझं नका उचलू तुमी, माहं उचला.”

खाटेच्या कडेला ठेवलेलं उपरणं बाबांनी खांद्यावर टाकलं आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. सर्जन येऊन हात पाहून गेले आणि जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरून मी काय ते समजले. त्या रात्री मायच्या उशाशी बसून मी तिचा तो तापलेला हात माझ्या मांडीवर घेतला. या हातानं मला न्हाऊ घातलं होतं, वेणी घातली होती, आणि कधी एक चापटही मारली नव्हती. उद्या तो नसेल.

बाबा आले ते त्याच्या पुढच्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना. बाटली उपरण्यात गुंडाळून त्यांनी छातीशी धरली होती. मोटारीत काय झालं, गाडीत कुणी काय विचारलं, याबद्दल ते पुढे कधीही बोलले नाहीत. पण त्यांचा चेहरा असा होता की मैलोन्‌मैल त्यांनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नसावं. तपासणीच्या खोलीत त्यांनी उपरणं सोडलं. आत काळं पाणी, तळाशी गाळ, वर कडब्याचा एक तुकडा तरंगत असलेला. बूच काढताच खोलीभर वास पसरला, शिपायानं तोंड फिरवलं. डॉक्टर देवतळे खुर्चीतून उठले, नीट उभे राहिले आणि त्यांनी ती बाटली बाबांकडून दोन्ही हातांनी घेतली. त्यांनी नाक आक्रसलं नाही, थट्टा केली नाही. बाबा बाहेरच्या नळावर गेले आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागले. साबण लावून धुतले, पुन्हा लावून धुतले, मग पुन्हा. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांना थांबवावंसं वाटत होतं, पण मी थांबवलं नाही.

पुढचा दिवस सरला कसा ते सांगता येणार नाही. त्यानंतरच्या सकाळी डॉक्टरांनी मला आणि बाबांना आत बोलावलं आणि काचेची वाटी खिडकीच्या उजेडात धरली. दुधाळ सायीत भोकं पडली होती. एक नव्हे, पुष्कळ! गोल, नितळ, पलीकडचं आकाश दाखवणारी. देवतळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी तपकिरीवर ढकललं. बाबा वाकून त्या भोकांकडे पाहत राहिले. त्यांनी विचारलं, की जंतूला खाणारं ते जे काही आहे, ते दिसतं का? डॉक्टर म्हणाले, नाही, माझ्या या सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा दिसत नाही, इतकं ते लहान आहे. मग ते आहे, हे तुम्हाला कसं कळलं? डॉक्टर म्हणाले, जागा साफ झाली ना, त्यावरून.

बाबांनी भोकांवरची नजर उचलली. मग म्हणाले, “आमचंई तसंच होतं, साहेब. सकाळी रस्ता साफ दिसला का लोकाईनं समजाचं, कोनी तरी येऊन गेलं. कोन येऊन गेलं, थे कोनी इचारलं नाई.”

डॉक्टरांनी वाटी हळूच टेबलावर ठेवली आणि बाबांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत, पण ते त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

एवढ्यानं हात बरा झाला असं समजू नका. गोष्टींत होतं तसं प्रत्यक्षात होत नाही. त्या थेंबांतला फाज डॉक्टरांनी वाढवला, पुन्हा पुन्हा गाळला, त्यात दुसरा कुठला जंतू उरला नाही याची खात्री केली आणि मग त्यात भिजवलेल्या पट्ट्या मायच्या जखमेत भरायला सुरुवात केली. सर्जननी आठ्या घातल्या, पण सुरी बाजूला ठेवली. पहिले दिवस काहीच घडेना. मग ताप उतरला. मग पुवाचा रंग पालटला, जखमेच्या तळाशी लालसर मांस दिसू लागलं आणि होळीच्या सुमाराला माय स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला उचलू लागली. तर्जनी मात्र जन्मभरासाठी ताठ राहिली. कुणाला काही सांगताना ती आपोआप समोरच्याकडे रोखली जायची आणि माय रागावली आहे असा नव्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा. बाबा म्हणायचे, की आधी नुसती नजर होती, आता बोटही आलं. हे सगळं फाजनंच केलं, की सर्जनच्या आधीच्या सुरीचा त्यात वाटा होता, की मायच्या चिवट हाडांचा, देव जाणे. आम्ही देव सोडले. पण जिभेची सवय सुटत नाही, ती अशी मधूनच डोकावते!

देवतळे त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं फाजच्या बाटल्या ठेवल्या की फेकल्या, कुणास ठाऊक. नवी औषधं येत राहिली, जुन्या गोष्टी मागे पडत गेल्या आणि नालीच्या पाण्याकडे पुन्हा कुणी वळून पाहिलं नाही. आता सगळं जग तिकडे वळलं आहे. वळू दे. तरुण मुलंमुली हातमोजे घालून, नळ्या घेऊन गटारांच्या काठी वाकतात, त्यांचे फोटो छापून येतात, ते पाहून मला फार बरं वाटतं. त्यांच्या वाकण्याला आता कुणी नावं ठेवत नाही. मला राहून राहून एवढंच वाटतं, की हे वाकणं बाबांना किती जड गेलं होतं, ते त्या मुलांना कधी तरी कुणी सांगावं.

पण मी सांगायला बसले ते वेगळंच होतं. चैत्रातली दुपार. आम्ही गावी परतून थोडेच दिवस झाले होते. मोहल्ल्याच्या तोंडाशी कडुनिंबाखाली मालगुजारीणबाई येऊन उभ्या राहिल्या. एकट्याच. उन्हात चेहरा काळवंडलेला, हातात पितळेचा गडवा. त्यांच्या घरचं कुणी आमच्या मोहल्ल्यात पाऊल ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. बायका दारांतून बघू लागल्या, पण पुढे कुणी होईना. त्यांच्या थोरल्या मुलाच्या मांडीला असंच गळू झालं होतं, हिंगणघाटची इंजेक्शनं होऊनही ते वाढत होतं आणि मायच्या हाताची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. बाबा बाहेर आले. त्या घरात बाबांना आजवर ‘गोम्या’ सोडून दुसरं नाव नव्हतं.

“गोमाजी,” बाई म्हणाल्या, “थ्या नालीचं थोडं पानी द्या. पोरगं तापानं फनफनून राह्यलं.”

त्या सबंध हंगामात ज्या घरानं आमच्या बायकांना शेताच्या धुऱ्यावर, बांधावरसुद्धा, उभं केलं नव्हतं, त्या घरची बाई आमच्याकडे पाणी मागायला आली होती. तेही विहिरीचं नव्हे, नालीचं! माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. मी काही संत नव्हते. बाबांच्या मनात काय आलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, की नालीचं पाणी तसंच जखमेवर लावलं तर मुलगा हातचा जाईल; त्याला वर्ध्याला न्यावं लागेल, तिथं देवतळेसाहेब तपासतील, त्याचा जंतू निराळा असेल तर पाणीही निराळं लागेल. गाडी जुंपा, मी येतो संगं, असं म्हणून ते उपरणं घ्यायला आत गेले.

बाई तशाच उन्हात उभ्या. गडवा रिकामाच. तेवढ्यात माय आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाबांनी दोनदा गाळलेलं, तुरटी फिरवलेलं, उकळलेलं पाणी. एका ताठ बोटासकट तिनं तो उजव्या हातानं पुढे केला आणि म्हणाली, “बसा बाई. उनातून आल्या.”

त्या प्याल्या, की नुसते ओठ ओले करून त्यांनी तांब्या खाली ठेवला, हे मला कितीही आठवू गेलं तरी आठवत नाही. आमच्या लोकांना त्या घरी पाणी मिळालंच तर ते वरून ओतलेलं, ओंजळीत झेलायचं असे. एवढं मात्र मला स्वच्छ दिसतं, की माय तांब्या जमिनीवर ठेवायला वाकू लागली होती आणि मालगुजारीणबाईंनी तिला वाकू दिलं नाही. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला.